मांडीचा संप

गुडघ्याचा सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेविषयी दिघी, भोसरी, मोशी या पट्ट्यात जी समजूत रूढ आहे, ती मुळात कारखान्यातून घरी आलेली आहे. ज्या परिसरातील दोन पिढ्यांनी आकुर्डीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत सुटे भाग घडवले, तपासले, नाकारले आणि पुन्हा बसवले, तेथील माणसाला झिजलेला भाग काढून नवा बसवण्याची कल्पना समजावून सांगावी लागत नाही; उलट डॉक्टर टेबलावरचा नमुना हातात घेऊन समजावू लागले, की निवृत्त फिटर तो नमुना त्यांच्याकडून मागून घेतो, उलटा करून पाहतो आणि टॉलरन्स किती ठेवला आहे, असे गंभीरपणे विचारतो. या समजुतीत दोष एवढाच, की पार्ट बदलला म्हणजे गाडी आपोआप चालू होते, असे तीत गृहीत धरलेले असते.

शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष घडते ते असे : मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक यांवरचा झिजलेला थर काही मिलिमीटर जाडीने कापून काढतात, वरच्या हाडावर बहुधा कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूचे टोपण आणि खालच्या हाडावर धातूची बैठक बसवतात, आणि दोहोंच्या मध्ये पॉलिएथिलीन या चिवट प्लास्टिकची चकती ठेवतात. ‘वाट्या बदलल्या’ असे सगळीकडे सांगितले जात असले, तरी खरी वाटी, म्हणजे गुडघ्यासमोरचे ते गोलसर हाड, जागच्या जागीच राहते; फार तर तिच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची एक गुंडी बसवली जाते. टोपण, बैठक, चकती आणि गुंडी या चौघांचे मिळून एक वैशिष्ट्य आहे, की त्यांपैकी एकालाही स्वतःहून हलता येत नाही. त्यांना हलवण्याचे काम मांडीच्या पुढच्या भागातील क्वाड्रिसेप्स या स्नायूगटाकडे आहे. हे चार स्नायू खाली येताना वाटीपाशी एकत्र होतात आणि तेथून एका जाड कंडरेने, म्हणजे दोरीसारख्या चिवट पट्ट्याने, नडगीला जोडलेले असतात. खुर्चीतून उठणे, जिना चढणे, उतरताना स्वतःला धरून ठेवणे आणि रस्त्यावर अचानक पुढ्यात आलेल्या दुचाकीपासून मागे सरकणे ही सर्व कामे याच गटाच्या जिवावर होतात.

हा गट शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच नाराज असतो. दुखऱ्या पायाला सांभाळून दुसऱ्या पायावर भार टाकण्याची सवय रुग्णाला कित्येक वर्षांपूर्वीच लागलेली असते, त्यामुळे मांडी बारीक झालेली असते. त्यात शस्त्रक्रिया होते, आणि पहिल्या महिन्यात या स्नायूगटाची ताकद शस्त्रक्रियेपूर्वी जेवढी उरली होती तिच्याही निम्म्याच्या खाली येते. याचे कारण स्नायू कापला गेला किंवा वाळून गेला, हे फारसे नसते. सांध्यातील सूज आणि वेदना यांमुळे मज्जारज्जूकडे जे संदेश जातात, त्यांचा परिणाम म्हणून मेंदूने स्नायूला दिलेला हुकूम अर्ध्या वाटेत अडवला जातो. याला आर्थ्रोजेनिक इनहिबिशन, म्हणजे सांध्याच्या कारणाने स्नायूवर आलेली मनाई, असे म्हणतात. रुग्ण पलंगावर पडून पायाकडे पाहतो, पाय उचल असे मनातल्या मनात बजावतो, आणि पाय जणू दुसऱ्या कोणाचा असावा तसा स्वस्थ पडून राहतो. स्नायू मेलेला नसतो. तो संपावर गेलेला असतो. पिंपरी-चिंचवडकरांना संपाचा अनुभव असल्यामुळे एक गोष्ट त्यांना पटायला हरकत नसावी, की मशीन नवे आणले म्हणून संप मिटत नाही, आणि बोलणी तर दिवसातून तीनतीन वेळा करावी लागतात. या बोलण्यांनाच फिजिओथेरपी म्हणतात.

मशीनचा इतिहास मात्र रंजक आहे आणि तो थोडक्यात सांगणे अवश्य आहे. 1890 मध्ये बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक या शल्यविशारदाने क्षयाने खराब झालेल्या गुडघ्यात हस्तिदंताचा बिजागरीसारखा सांधा बसवला; पुढे जंतुसंसर्गामुळे हे प्रयोग फसले, पण एका अवयवासाठी हत्तीने दात द्यावा ही कल्पना राजेशाही होती यात शंका नाही. आजच्या सांध्याचे थेट पूर्वज 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत तयार झाले, आणि ते तयार करणाऱ्यांत जॉन इन्सॉल यांच्याबरोबर डॉ. चित्तरंजन राणावत होते. याच राणावतांनी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर 2000 मध्ये आणि उजवा जून 2001 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला, आणि त्यानंतर महाराष्ट्रात, किंबहुना देशभर, हे ऑपरेशन घराघरांतल्या संभाषणात शिरले. तोवर गुडघेदुखी हे वयाचे दुखणे होते. ‘वाजपेयींनी केले’ हे वाक्य मिळाल्यावर ते करून घेण्याजोगे दुखणे झाले. दुसऱ्या गुडघ्यानंतर सव्वा महिन्याने, जुलैच्या मध्यावर, वाजपेयी आग्र्याच्या शिखर परिषदेत पाकिस्तानशी वाटाघाटी करत होते. मांडीच्या स्नायूशी चाललेल्या वाटाघाटी तेव्हा पुऱ्या झाल्या होत्या की नाही, याकडे वृत्तपत्रांचे लक्ष नव्हते.

पुण्याचा वाटाही नोंदवायला हवा. डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय हाडांची मापे डोळ्यांपुढे ठेवून ‘इंडस’ नावाचा देशी सांधा विकसित केला. त्यांना 2012 मध्ये पद्मविभूषण मिळाले. ऑगस्ट 2017 मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने सांध्याच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली आणि नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत कराव्यतिरिक्त 54,720 रुपये ठरवली. सांध्याचा भाव असा सरकारने बांधून दिला. व्यायाम आधीपासूनच फुकट होता, आणि कदाचित त्यामुळेच त्याला घरात मान नाही.

व्यायामाची सुरुवात अपमानास्पद वाटावी इतकी साधी असते. पहिला व्यायाम घोट्याचा : पाऊल आपल्याकडे ओढणे आणि दूर ढकलणे, जेणेकरून पोटरीतील रक्त वाहते राहावे आणि शिरेत गुठळी होऊ नये. दुसरा व्यायाम त्याहून साधा दिसतो. गुडघ्याखाली किंवा टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा पलंगाच्या दिशेने दाबायचा, मांडीचा स्नायू घट्ट करायचा, पाच आकडे मोजेपर्यंत तसाच ठेवायचा आणि सोडायचा. बाहेरून पाहणाऱ्याला यात काहीच घडताना दिसत नाही. ज्या माणसाने तरुणपणी तालमीत बैठका मारल्या, किंवा 1972 पासून आकुर्डीत बनू लागलेल्या चेतक स्कूटरला पावसाळ्याच्या सकाळी पंधरा-पंधरा किका मारल्या, त्याला टॉवेल दाबण्याला व्यायाम म्हणणे अशक्य वाटते. आणि तो टॉवेल दाबता दाबता त्याच्या कपाळावर घाम येतो, तेव्हा दोष पंख्याला दिला जातो.

या टप्प्यावर काळ या संकल्पनेचा विशेष अभ्यास करण्याची संधी मिळते. फिजिओथेरपिस्टचे पाच सेकंद आणि रुग्णाचे पाच सेकंद यांत मूलभूत फरक असतो. फिजिओ मॅडम समोर असताना ‘एक’ आणि ‘दोन’ यांच्यामध्ये त्या रुग्णाला चकती, टाके आणि औषधाच्या वेळा यांविषयी तीन प्रश्न विचारतात, आणि त्यांची उत्तरे मिळाल्यावरच ‘तीन’ म्हणतात. त्या गेल्यावर रुग्ण पाचही आकडे एका श्वासात म्हणून मोकळा होतो. आळंदीच्या इतक्या जवळ राहणाऱ्या घरांत यावर एक सुंदर तोडगा निघालेला दिसतो. सेकंदाऐवजी प्रत्येक आकड्याला एकदा ‘रामकृष्णहरी’ म्हटले, की घाई करणे अवघड होते, कारण देवाच्या नावाची अक्षरे गाळायला वारकऱ्याचे मन धजत नाही. आकडे गाळायला मात्र ते लगेच धजते.

तिसरा व्यायाम हा या साऱ्या प्रकरणातील खरा कसोटीचा प्रसंग आहे. पाठीवर झोपून, गुडघा ताठ ठेवून, सबंध पाय पलंगापासून वीतभर उचलायचा आणि हळू खाली आणायचा. याला स्ट्रेट लेग रेझ म्हणतात आणि दवाखान्यात त्याचे संक्षिप्त रूप ‘एसएलआर’ असे कानी पडते. पाय उचलला जातो तेव्हा अनेकदा टाच वर येते, पण गुडघा किंचित वाकलेलाच राहतो. दुसऱ्या कोणी धरून पाय उचलला तर तोच गुडघा पूर्ण सरळ होतो. स्वतःच्या जोरावर सरळ होणे आणि दुसऱ्याच्या हाताने सरळ होणे यांत जो काही अंशांचा फरक उरतो, त्याला एक्स्टेन्शन लॅग म्हणतात, आणि संप अजून मिटलेला नाही याची ही ठळक खूण आहे. घरातील मंडळींना हा लॅग दिसत नाही. त्यांना पाय वर गेलेला दिसतो आणि ती टाळ्या वाजवतात.

मराठी कुटुंबाचे प्रेम ही या स्नायूच्या वाटेतील सर्वांत मोठी अडचण होय, हे निरीक्षण कोणालाही आवडणारे नाही, तरी ते टाळता येत नाही. दवाखान्यातून घरी आलेल्या रुग्णाला पलंगावर निजवल्यावर पहिले काम म्हणून त्याच्या गुडघ्याखाली मऊ उशी सारली जाते. रुग्णाला बरे वाटते, उशी सारणाऱ्या सुनेला धन्य वाटते, आणि गुडघा त्या वाकलेल्या अवस्थेत आखडू लागतो. पुढे तो पूर्ण सरळ होईनासा झाला, की माणूस कायमचा थोडा वाकून चालतो आणि मांडीला प्रत्येक पावलागणिक ज्यादा काम पडते. उशी ठेवायचीच तर ती टाचेखाली ठेवून गुडघा अधांतरी सोडावा, असे डॉक्टर बजावतात. पण टाचेखाली उशी ठेवणे घरातल्यांना निष्ठुरपणाचे वाटते. उशीपाठोपाठ तांब्या-भांडे, औषधाची डबी, रिमोट, चष्मा आणि मोबाइल या वस्तू हाताच्या अंतरावर येतात, आणि पाण्यासाठी उठण्याच्या निमित्ताने दिवसातून दहा वेळा जो व्यायाम झाला असता, त्याची कायमची सोय लागते. रुग्ण उठू लागलाच, तर ‘तुम्ही बसा हो, आहोत ना आम्ही’ हे वाक्य तीन खोल्यांतून एकाच वेळी येते.

भेटायला येणाऱ्यांचा वर्ग वेगळा काढावा लागेल. मोसंबी घेऊन येणारे आणि सल्ला घेऊन येणारे असे त्यांचे दोन प्रकार असले, तरी मोसंबीवाल्यांकडेही सल्ला असतोच. सूज पाहिल्यावर ते गरम वाळूचा शेक, लसणाचे तेल आणि एरंडाची पाने सुचवतात; डॉक्टरांनी टॉवेलात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवायला सांगितला आहे, हे ऐकून ते चिंतेने एकमेकांकडे पाहतात, कारण थंडीने सांधे धरतात हे त्यांना लहानपणापासून ठाऊक असते. वस्तुतः ताज्या शस्त्रक्रियेनंतरच्या सुजेवर थंडावाच उपयोगी पडतो, आणि सूज उतरली की मांडीवरची मनाईही सैल होते, म्हणजे बर्फ हा संप मिटवण्यातला मध्यस्थच आहे. जखम पुरी भरण्याआधी तिच्यावर तेल चोळणे मात्र संसर्गाला निमंत्रण आहे. शेवटी पाहुण्यांतील एक जण ओळखीतल्या कुणाची तरी हकिगत सांगतो. त्या हकिगतीतील माणूस पंधराव्या दिवशी सिंहगड चढलेला असतो. अशा माणसाला प्रत्यक्ष पाहिलेला कोणी आजवर भेटलेला नाही, परंतु प्रत्येक पाहुण्याकडे तो असतो.

रुग्णांचे वर्गीकरण करू गेल्यास दिघीत तीन ठळक प्रकार आढळतात. लष्कराच्या आस्थापना सभोवती असल्यामुळे येथे निवृत्त फौजी मोठ्या संख्येने स्थायिक झाले आहेत, आणि पहिला प्रकार त्यांचा. त्याला दहा वेळा पाय उचलायला सांगितला तर तो दहाच वेळा उचलतो, अकराव्यांदा नाही आणि नवव्यांदा थांबणेही नाही. हुकूम लेखी असला तर अधिक बरे. त्याच्यापासून धोका एवढाच, की दुखत असले तरी तो ते सांगत नाही, आणि दुसऱ्या दिवशी गुडघा फुगून बसतो. दुसरा प्रकार कारखान्यातून निवृत्त झालेल्यांचा. त्याला टार्गेट हवे असते. एकदा ते मिळाले, की तो रविवारची सुट्टी धरतो, आणि सकाळच्या पाळीत तिन्ही वेळांचे उत्पादन काढून टाकून संध्याकाळी मोकळा राहता येईल का, याची चौकशी करतो. येत नाही, तीस उचली एका दमात करण्यापेक्षा दहा-दहा करून दिवसभरात वाटल्या तर स्नायूला त्या पचतात. तिसरा प्रकार संख्येने सर्वांत मोठा आहे, कारण भारतात हे ऑपरेशन करून घेणाऱ्यांत स्त्रिया अधिक असतात. ही आजी व्यायाम करतच नाही, आणि विचारले तर सकाळपासून उभीच आहे, असे सांगते. तिसऱ्या आठवड्यात ती ओट्यापाशी उभी राहून सबंध घराच्या पोळ्या लाटत असते, आणि सुनेला हे पाहवत नाही म्हणून सून तिला बसवते, सून कामावर गेली की ती पुन्हा उभी राहते. एका जागी तास-दीड तास उभे राहण्याने पायाला सूज येते, ताकद येत नाही, ही गोष्ट तिला पटवून देणे अवघड जाते. आयुष्यभर ज्याला काम म्हटले ते अंगाला पुरेसे नव्हते, हे ऐकून घ्यायला कोण तयार होईल?

स्नायूची ताकद वाढवायची तर त्याच्यापुढचे ओझे क्रमाक्रमाने वाढवले पाहिजे, हा विचार आज उघड वाटतो, पण तोही एका लष्करी रुग्णालयाची देणगी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये गुडघ्याला जायबंदी झालेल्या सैनिकांची गर्दी झाली होती, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांना हलकी ओझी देऊन पुष्कळ वेळा पाय हलवायला लावले जाई. थॉमस डिलॉर्म या तरुण डॉक्टरने, जो स्वतः वजने उचलण्याचा शौकीन होता, उलटा मार्ग धरला आणि जे ओझे जेमतेम दहा वेळाच उचलता येईल तेवढे जड ओझे पायाला बांधले. 1945 मध्ये त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली. दहाव्या वेळी जे जड जाते तेच ओझे योग्य, आणि ते सोपे झाले की वाढवावे, हे तत्त्व तेव्हापासून टिकून आहे. डिलॉर्मकडे पायात घालण्याचा लोखंडी बूट होता; दिघीत पहिले काही आठवडे सरल्यावर आणि डॉक्टरांनी संमती दिल्यावर वाळू भरलेला पट्टा घोट्याला बांधतात, आणि पट्टा मिळाला नाही तर किराणा दुकानातली एक किलोची मिठाची पिशवी परकराच्या नाडीने बांधली जाते. मीठ हे प्रमाणित वजन आहे, पिशवीवर ते छापलेलेही असते, आणि रुग्णाने ते बांधणे सोडून दिले तरी फुकट जात नाही. घरातल्या मिठाची पिशवी अर्धी झालेली दिसली, की फिजिओ मॅडमना काय ते समजते.

पाय सरळ होण्याचा आणि वाकण्याचा हिशेब कोनात ठेवतात. दोन पट्ट्या मध्ये जोडलेले गोनिओमीटर नावाचे कोनमापक गुडघ्याशेजारी धरून गुडघा किती अंश वाकतो ते मोजले जाते, आणि दहावीनंतर ज्यांनी कोनाचे तोंड पाहिलेले नसते, त्यांच्या घरात पुन्हा अंशांची भाषा सुरू होते. सपाट चालायला साधारण सत्तर अंश पुरतात, खुर्चीतून नीट उठायला आणि जिना उतरायला नव्वद ते शंभर लागतात. पण ही उपयुक्त माहिती कोणालाच समाधान देत नाही, कारण विरंगुळा केंद्राच्या बाकावर शेजारच्या गृहस्थांनी आपले एकशे पंधरा झाल्याचे जाहीर केलेले असते. पूर्वी मुलांचे टक्के सांगितले जात, नंतर नातवांचे पर्सेंटाइल. गुडघ्याचे अंश हे स्वतःच्या नावावर मिळालेले पहिलेच गुण असल्यामुळे त्यांची चर्चा आवडीने होते. या चर्चेत एक गोष्ट हरवते. वाकण्याच्या अंशांचा अभिमान सगळेच बाळगतात, पण शून्य अंश, म्हणजे गुडघा पूर्ण सरळ होणे, हे अधिक मोलाचे असूनही शून्याची फुशारकी मारायला कोणीही तयार होत नाही.

मांडी घालून बसण्याचा प्रश्न दुखरा आहे. बहुतेक डॉक्टर जमिनीवर बसणे आणि उकिडवे बसणे टाळायला सांगतात, त्यामुळे पाट, पंगत आणि देशी पद्धतीचा संडास या तिन्हींचा रुग्णाशी असलेला संबंध तुटतो. सत्यनारायणाच्या पूजेत यजमान खुर्चीवर आणि देव चौरंगावर, अशी आसनव्यवस्था आता सर्वमान्य झाली आहे, आणि गुरुजींनीही, त्यांचाच गुडघा कुरकुरू लागल्यापासून, तिला शास्त्राधार शोधून काढला आहे. येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. पूजा गुरुजींनी सांगावी आणि यजमानाने पळीने पाणी सोडावे, नवस एकाने बोलावा आणि दुसऱ्याने फेडावा, वारीला जाणाऱ्याच्या हाती नारळ देऊन आपली हजेरी लावावी, अशा अनेक सोयी संस्कृतीने करून ठेवलेल्या असल्यामुळे, पाय उचलण्याचेही काम कोणाकडून तरी करून घेता येईल अशी आशा रुग्णाच्या मनात जिवंत असते. काही काळ ही आशा यंत्राने पुरी केली. कॅनडाचे रॉबर्ट सॉल्टर यांच्या संशोधनातून आलेले सीपीएम यंत्र, म्हणजे पाय एका खोबणीत ठेवला की तो आपोआप वाकवून सरळ करत राहणारा पाळणा, भाड्याने घरोघरी येऊ लागला. रुग्ण पेपर वाचत पडलेला आणि पाय परस्पर व्यायाम करत असलेला, असे दृश्य पाहून घरच्यांना भाड्याचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटे. सांधा बदललेल्या साध्या रुग्णांना या पाळण्याचा टिकाऊ फायदा होत नाही, असे अभ्यासांतून पुढे दिसून आले. कारण यंत्र सांधा हलवते. मांडी तेव्हाही संपावरच असते.

बोलणी यशस्वी होऊ लागली, की व्यायाम पलंगावरून खाली उतरतो : खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे आणि सावकाश बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीला पाठ लावून थोडे खाली सरकणे आणि अखेरीस जिन्याच्या एकाच पायरीवर चढणे-उतरणे. जिन्याचा नियम असा, की चढताना चांगला पाय आधी ठेवावा आणि उतरताना शस्त्रक्रियेचा. काठी शस्त्रक्रियेच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी, यावर मात्र घरोघरी वाद होतात, कारण दुखतो त्या बाजूला काठी धरावी असे सिनेमातील सर्व म्हाताऱ्यांनी शिकवून ठेवले आहे. इंग्रजी मुलुखातील फिजिओथेरपिस्ट जिन्याचा नियम लक्षात राहावा म्हणून चांगले ते स्वर्गात जातात आणि वाईट ते नरकात, असे रुग्णांकडून पाठ करून घेतात. दिघीतील जुन्या, लिफ्ट नसलेल्या तीन मजली इमारतींत स्वर्ग तिसऱ्या मजल्यावर असतो आणि भाजीवाला नरकात उभा असतो. हा जिना किरकोळ मानू नये. बर्लिनमध्येच, ग्लुकनंतर शतकाहून अधिक काळाने, मापनयंत्र आत बसवलेले कृत्रिम गुडघे रुग्णांना घालून त्यांवरचा दाब मोजण्यात आला, तेव्हा सपाट चालताना शरीराच्या वजनाच्या अडीचपटीहून थोडा जास्त आणि जिना उतरताना जवळजवळ साडेतीनपट भार येतो असे आढळले. सत्तर किलोच्या आजोबांचा गुडघा भाजी आणायला खाली जाताना पायरीमागे सव्वादोनशे किलोंहून अधिक भार झेलतो. आजोबांना वाटते की जड आहे ती पिशवी.

इमारतीबाहेरचा व्यायाम हा शास्त्रापेक्षा नगररचनेचा विषय आहे. रोज थोडे अधिक चालावे, हा सल्ला आळंदी रस्त्यालगत राहणाऱ्याला दिला, की पदपथ कोठे आहे हा पहिला प्रश्न येतो आणि त्यावर उभी असलेली वाहने कधी हलणार हा दुसरा. म्हणून शहाणे रुग्ण सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारतात किंवा पहाटे महापालिकेच्या उद्यानात जातात. तेथील ओपन जिममध्ये पायाने ढकलण्याचे एक साधन असते आणि ते बहुधा रिकामे नसते. त्यावर कोणी तरी बसून मोबाइलवर बोलत असतो, व्यायाम न करता.

रुग्णाचे ध्येय विचारले, तर फार थोडे जण चालणे असे उत्तर देतात. फौजी म्हणतो दत्तगडाचा चढ. कारखानदारीतला माणूस म्हणतो दुचाकी. आजीचे उत्तर ठरलेले असते. ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते, आणि पुण्याच्या वाटेवर दिघीच्या मॅगझीन चौकातून जाते. सबंध वाट पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या घरात भरते. तिच्यातील दिवेघाट चालायचा की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, आणि डॉक्टर नाही म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारू नये. पण चौकाच्या कडेला तास-दोन तास उभे राहून पालखीचे दर्शन घेणे आणि गर्दीचा धक्का लागला तर न पडणे, हे शस्त्रक्रियेनंतर काही महिने नेटाने व्यायाम केलेल्या मांडीला सहज जमते. ताकद दुसऱ्या पायाच्या बरोबरीला यायला मात्र सहा महिने ते वर्ष लागते, आणि ज्यांनी दुसऱ्या महिन्यात दुखणे थांबल्याबरोबर व्यायामही थांबवला, त्यांच्यात तूट वर्षानंतरही राहते. पोटरी अचानक सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागले, तर व्यायाम बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एरवी, वाचकांपैकी कोणाचा गुडघा नुकताच बदललेला असेल आणि हा लेख पलंगावर पडून, गुडघ्याखाली उशी घेऊन वाचला जात असेल, तर त्यांनी उशी काढून टाचेखाली घ्यावी, आणि दुपारच्या दहा उचली राहिल्या असतील तर त्या चहाच्या आधी पुऱ्या कराव्यात, ही विनंती.